पात्रतेचा शेरा

बदलीच्या निमित्ताने आम्ही बंगळूरास आलो आणि बेळ्ळंदूरच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर बिऱ्हाड केले, त्याला आता चार वर्षे होतील. या तळ्याची कीर्ती वाचकांच्या कानी गेलीच असेल. पाण्याने पेट घ्यावा हा चमत्कार २०१५ साली साऱ्या देशाने येथेच पाहिला. तळ्याभोवती काचेच्या इमारतींची रांग उभी आहे. त्यांपैकी एकीत आमचा भाचा नोकरीस असून तो आमच्याकडेच राहतो. परदेशी कंपन्यांच्या व्हिडिओ-खेळांसाठी भिंती, पिंपे, दरवाजे असले सामान संगणकावर घडविणे हे त्याचे काम. हे काम बंगळूरास नवे नाही. 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' या संस्थेने ते येथे १९९७ सालापासून केले आणि पुढे २०१९ साली ती एका बड्या विलायती संस्थेच्या पोटात गेली.

भाच्याने दोन वर्षे ज्या खेळात राबून काढली त्या खेळास एका मोठ्या पारितोषिकासाठी नामांकन मिळाले. आमच्या सौभाग्यवतींनी शिरा केला. शिरा खाता खाता भाचा म्हणाला, "मामा, खरं सांगू? खेळ तितका चांगला नाही. आणि चांगला असता तरी नामांकन आम्हांला मिळालं असतं की त्यांना?" एका वाक्यात त्याने दोन प्रश्न विचारले. त्यांपैकी पहिल्याने आमची कित्येक दिवस झोप उडविली. त्याचे कारण पुढे येईलच.

खेळाला कसली आली पारितोषिके, असे म्हणणारे वाचक आमच्या पिढीत पुष्कळ निघतील. सिनेमाविषयीही आपले आजोबा हेच म्हणत होते. पण १९५४ साली अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले तेव्हा त्याच आजोबांनी डोळे पुसले. तेव्हा तो वाद येथे नको. प्रश्न आहे तो पात्रतेचा.

या क्षेत्रातील सर्वांत गाजणारा सोहळा अमेरिकेत २०१४ सालापासून भरतो. 'द गेम अवॉर्ड्स' हे त्याचे नाव. जगभरची शंभराहून अधिक नियतकालिके व वृत्तसंस्था आपापल्या पसंतीच्या याद्या पाठवितात, ज्यांची नावे अधिक याद्यांत येतात त्यांचे नामांकन होते, आणि अंतिम निर्णयात परीक्षकांचे वजन शेकडा नव्वद व सामान्य खेळाडूंचे दहा धरले जाते. व्यवस्था वरवर निर्दोष दिसते. परंतु कादंबरी दोन रात्रींत वाचून होते, चित्रपट तीन तासांत संपतो. यांतील कित्येक खेळ मात्र साठ-सत्तर, कधी शंभर तास खेळल्यावाचून संपत नाहीत. वर्षभरातले सारे खेळ शेवटापर्यंत खेळून मग यादी करणारा परीक्षक आम्हांस तरी संभवनीय वाटत नाही. शिवाय वर्गवारीचा घोळ निराळाच. २०२३ साली 'डेव्ह द डायव्हर' हा खेळ स्वतंत्र निर्मात्यांच्या वर्गात घेतला गेला, आणि त्याची निर्माती संस्था तर 'नेक्सॉन' या कोरियन धनाढ्य कंपनीच्या घरची. २०२४ साली 'एल्डन रिंग' या जुन्या खेळाची पुरवणी वर्षातील सर्वोत्तम खेळाच्या पंक्तीस बसली. त्याच पंक्तीत 'बॅलाट्रो' हा पत्त्यांचा खेळ होता; तो एकट्या माणसाने रचलेला, आणि त्या माणसाने स्वतःचे खरे नावसुद्धा जगास सांगितलेले नाही. शेकडो माणसांचे काम आणि एका माणसाचे काम एकाच तराजूत कसे घालावे? सोहळ्याने ते घातले, एवढेच म्हणता येईल.

पण आम्हांस अधिक जवळची वाटते ती २०२० सालची हकीकत, कारण ती पुण्याची आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने 'राजी' नावाचा खेळ केला. सर्कशीत वाढलेली राजी ही अनाथ मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू; महाबलासुराचे राक्षस गोलूला पळवितात आणि दुर्गेने दिलेले त्रिशूळ घेऊन राजी त्याच्या शोधास निघते. मधली कथा छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितली जाते. भाच्याने तो खेळून दाखविला तेव्हा आम्हांस कुडाळजवळचे पिंगुळी आठवले; तेथील ठाकर मंडळींनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपला असून परशुराम गंगावणे यांस त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. आमच्या येथील कानडी शेजाऱ्यांना त्या बाहुल्या पाहताच त्यांचा 'तोगलु गोंबेयाट' आठवला. कोकणी व कानडी माणसाने एकाच पडद्याकडे पाहून 'हे आमचे' म्हणावे, असे प्रसंग या सीमाभांडणाच्या मुलखात विरळाच.

या 'राजी'ला पदार्पणाच्या वर्गात नामांकन मिळाले. पारितोषिक मिळाले 'फॅस्मोफोबिया' या भुतांच्या खेळाला, जो तेव्हा पुरा झालेलाही नव्हता. परंतु ते असो. विचार करण्याजोगी गोष्ट ही की 'राजी'ची भिंतचित्रे, वास्तू, संगीत यांची वाखाणणी करणाऱ्याच टीकाकारांनी तिची लढाई अवघडलेली आहे, खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट तर मध्येच तुटतो, असेही लिहिले होते. ते खोटे नाही. आम्ही स्वतः हातात यंत्र धरून राजीला चार वेळा दरीत लोटले. पण आमच्या बोटांना आजवर शेरे मारण्याचीच सवय असल्यामुळे तो पुरावा धरू नये. मग हे नामांकन गुणांचे, की हिंदुस्थानातून प्रथमच काही बरे आले म्हणून दाखविलेल्या कौतुकाचे?

येथे आम्हांस आमची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कचेरीचे प्रमुख असताना प्रशस्तिपत्रासाठी एक नाव वर पाठविण्याचे काम आमच्याकडे आले. मुख्यालयातील एक कारकून सर्वांत लायक होता, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. पण दूरच्या एका शाखेस तोवर कधीच काही मिळाले नव्हते. तेथील कारकूनही बरा होता. आम्ही त्याचे नाव पाठविले आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अत्यंत कार्यक्षम' हे दोन शब्द लिहिले. प्रशस्तिपत्र घेऊन तो आमच्या खोलीत आला, नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे माझ्या कामाचं, की आमच्या गावाचं?" आम्ही हसून वेळ मारून नेली. मुख्यालयातला तो दुसरा कारकून पुढे काही न मिळता निवृत्त झाला. त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच अधिक बोचते.

तेव्हापासून आम्ही असे मानू लागलो आहोत की नामांकन आणि पारितोषिक यांच्या कसोट्या एक नव्हेत. पारितोषिक सर्वोत्तमास द्यावयाचे. नामांकनाचा अर्थ इतकाच की, याला वगळून केलेला विचार अपुरा ठरेल. या कसोटीवर 'राजी' उतरते. पदार्पणाचा वर्ग हा उमेदवारीचा वर्ग. तेथे हाताची अवघड दिसणे हा दोष असला तरी अपात्रता नव्हे, आणि तिने पडद्यावर जे आणले ते स्पर्धेतील इतर चौघांपैकी कोणी आणू शकला नसता. तिला वगळले असते तर त्या वर्षीच्या पदार्पणांची यादी खोटी झाली असती. टोरोंटोच्या एका संस्थेने केलेल्या 'वेण्बा' या खेळाविषयीही हेच म्हणता येईल. परमुलखात गेलेली तमिळ आई फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडली कशी करावी हे आठवते, एवढाच त्याचा विषय. २०२४ साली ब्रिटिश 'बाफ्टा'चे पदार्पणाचे पारितोषिक त्याला मिळाले. तो खेळ पाहताना आमच्या सौभाग्यवती मध्येच उठून फडताळातली आईच्या हातची वही काढून बसल्या. ज्याच्यामुळे हे घडते त्याला कोणी दयेने बोलावले, असे कोण म्हणेल?

मग आमच्या त्या शिफारशीत चुकले काय? शाखेकडे पाहिले, हे चुकले असे आम्हांस आता वाटत नाही. दूरच्या शाखेत, अपुऱ्या माणसांनिशी केलेल्या कामाचे मोल निराळे असते, आणि ते आम्ही लिहू शकलो असतो. आम्ही लिहिले नाही. कारण लिहावयाचे तर मुख्यालयातल्या माणसाशी तुलना कागदावर करावी लागली असती, आणि तेवढे धैर्य आमच्यापाशी नव्हते. वाचकांपैकी बहुतेकांनी सकारण आदेश लिहिले असतील. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण कळलेच पाहिजे, हे आपण एखाद्या परवान्याच्या अर्जाबाबतही मानतो. या झगमगत्या सोहळ्यांत मात्र पाच-सहा नावे वाचली जातात, टाळ्या पडतात, आणि ती पाचच का, हे एक ओळ लिहून कोणी सांगत नाही. अपात्र माणूस आत शिरतो यापेक्षा पात्र माणसालाही आपण का आत आलो हे कळत नाही, ही आम्हांस या पद्धतीची मोठी उणीव वाटते. 'राजी'च्या कर्त्यांनाही तो कारकुनाचा प्रश्न कधी ना कधी पडला असेल.

भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. परवाच्या रविवारी त्याने तो नामांकित खेळ शेवटास नेला आणि नावांची यादी पडद्यावर सरकू लागली. ती वीस मिनिटे चालली. त्याच्या संस्थेचे नाव आले. त्याचे आले नाही. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने खेळ पुन्हा सुरू केला, एका पडक्या वाड्यापाशी आम्हांस नेले आणि दरवाजा दाखविला. "मामा, हा माझा." आम्ही चष्मा पुसून पाहिले. कडी जागच्या जागी बसली होती, आणि खालच्या बिजागरीवर पावसाने चढतो तसा गंज होता.