प्रायश्चित्ताची पावती

१०६६च्या ऑक्टोबरात हेस्टिंग्जला लढाई झाली आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला. स्वारीला पोपचा आशीर्वाद होता, असे विल्यमच्या बाजूचे लोक सांगत. पण पुढच्या चार-पाच वर्षांतच नॉर्मंडीच्या बिशपांनी या विजयी सैनिकांपुढे एक यादी ठेवली. मारलेल्या माणसामागे एक वर्षाचे प्रायश्चित्त. जखमी केलेला जगला की मेला हे ठाऊक नसेल, तर माणशी ४० दिवस. किती मारले हेच आठवत नसेल, तर हयातभर आठवड्यातला एक दिवस. ते जमणार नसेल, तर चर्च बांधावे किंवा इनाम द्यावे. तिरंदाजांची पंचाईत निराळी होती. सोडलेला बाण कुणाला लागला, हे त्यांना कुठून कळणार? त्यांना तीन वर्षे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातले प्रायश्चित्त सरसकट लागू केले.

ही यादी वाचून आधी हसू येते, मग येत नाही. युद्ध योग्य, राजा योग्य, पोप पाठीशी. तरी रक्त ते रक्तच, हे त्या काळच्या चर्चला मान्य होते. चौथ्या शतकातल्या संत बेसिलने तर युद्धात माणूस मारणाऱ्याने तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे, असा सल्ला दिला होता. दहाव्या शतकात बायझंटिन सम्राट निकेफोरस फोकास याने, रणात पडलेल्या आपल्या सैनिकांना हुतात्मे म्हणावे, असा आग्रह धरला. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने बेसिलचे तेच वचन त्याच्यासमोर ठेवले आणि नकार दिला. पूर्वेकडच्या चर्चने हा नकार पुढेही बराचसा टिकवला. पश्चिमेकडच्या चर्चने टिकवला नाही, आणि तो कसा सुटत गेला ते पाहण्यासारखे आहे.

नाइट हा तलवारीवर जगणारा माणूस. मठात शिरल्याखेरीज त्याला मोक्षाची वाट दिसत नसे. फ्रान्समध्ये दहाव्या शतकाअखेरीपासून बिशप त्याला आवरू पाहत होते: पाद्री आणि शेतकरी यांना हात लावू नका, बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत लढू नका. आवरणे फारसे जमले नाही. मग २७ नोव्हेंबर १०९५ रोजी क्लेरमाँ येथे पोप अर्बन दुसरा याने त्याला नवे काम दिले. ते भाषण शब्दशः कुणी उतरवून घेतले नव्हते. जी रूपे मिळतात ती काही वर्षांनंतर लिहिलेली आहेत. परिषदेचा ठराव मात्र मोजक्या शब्दांत आहे: मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीने जो जेरुसलेमच्या चर्चची सुटका करायला जाईल, त्याचा तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल.

हेस्टिंग्ज ते क्लेरमाँ हे अंतर २९ वर्षांचे. जे केल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यायचे, तेच आता प्रायश्चित्त झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या मोहिमांना 'धर्मयुद्धे' म्हटले, त्यामुळे आपल्यापुरता गोंधळ वाढला. महाभारतात धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी लढायचे युद्ध: नि:शस्त्रावर, पळणाऱ्यावर वार नाही. १०९६ साली वर्म्स आणि माइन्झमधल्या ज्यूंची किंवा १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडल्यावर तिथल्या रहिवाशांची जी कत्तल झाली, ती या अर्थाने धर्मयुद्धाच्या जवळपासही येत नाही. निघालेले लोक स्वतःला यात्रेकरूच म्हणवत. 'क्रूसेड' असा वेगळा शब्द रुळायला पुढे बराच काळ लागला.

यात्रेत तलवार कशी बसवायची, हा पेच क्लेर्व्होच्या बर्नार्डने सोडवला. त्र्वाच्या परिषदेने ११२९ साली टेम्पलर या लढवय्या साधूंच्या संघाला मान्यता दिली. त्यांच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या पुस्तकात बर्नार्ड म्हणतो, की हा नाइट माणूस मारत नाही, दुष्टता मारतो. हाच बर्नार्ड ११४६ साली ऱ्हाइनकाठी ज्यूंवर लोकांना भडकवणाऱ्या साधूला अडवायला स्वतः गेला, म्हणून त्याला निर्दय म्हणता येत नाही. मला तो जास्त भीतिदायक वाटतो तो त्यामुळेच.

एकदा हिशेब बसल्यावर जेरुसलेमची गरज उरली नाही. ११४७ साली बाल्टिककाठचे स्लाव्ह लोक या मोहिमांचे लक्ष्य झाले. १२०४ साली ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटले गेले. पोपने त्यावर संताप व्यक्त केला, पण नगर गेले ते गेलेच. १२०९ पासून दक्षिण फ्रान्सच्या पाखंड्यांविरुद्ध जो ४० दिवस लढेल, त्याला पुरी पापदंडमाफी मिळू लागली. हेस्टिंग्जच्या यादीत ४० दिवस हा एका जखमेचा दंड होता.

१२१३ साली पोप इनोसंट तिसरा याने आणखी एक दार उघडले. लढायला धड असो वा नसो, कुणीही क्रॉसची शपथ घ्यावी. जाणे शक्य नसेल, तर पैसे भरून शपथेतून सुटावे. म्हातारे, आजारी, बायका, सगळ्यांना पुण्यात वाटा मिळाला. आपल्या धर्मशास्त्रातही कृच्छ्राऐवजी गोदान, आणि गाईऐवजी तिची किंमत, अशी सोय आहे. तिला निष्क्रय म्हणतात. लॅटिन शब्द 'रिडेम्प्शिओ' याचा अर्थही तोच, सोडवणुकीची किंमत. दोन दूरच्या शास्त्रांना एकच पळवाट सुचावी याचे मला फारसे नवल वाटत नाही. सकाळी शपथ द्यायची आणि लगेच पैसे घेऊन सोडायची, या उद्योगावर इंग्रज भिक्षू मॅथ्यू पॅरिसने तेराव्या शतकातच कडवट लिहून ठेवले आहे.

१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले. सायप्रसच्या बचावासाठी पैसा हवा होता, आणि माइन्झमध्ये नुकताच टाइप ओतला जाऊ लागला होता. जंगम खिळ्यांनी छापलेला, तारीख असलेला युरोपातला सर्वांत जुना कागद म्हणजे या पैशासाठी विकलेले १४५४ सालचे पापदंडाचे माफीपत्र. मजकूर छापील, नाव आणि तारीख यांसाठी जागा कोरी. भरणारा येईल तसे नाव हाताने लिहायचे.

१५१७ साली विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथर चिडला तो अशाच कागदांवर, फक्त तेव्हा पैसा रोमच्या सेंट पीटर्ससाठी आणि एका आर्चबिशपचे कर्ज फेडण्यासाठी जमत होता. तुर्कांशी लढणे म्हणजे देवाने आपल्या पापांबद्दल पाठवलेल्या शिक्षेला आडवे जाणे, या त्याच्या विधानाचा रोमने १५२० साली निषेध केला. १५२९ साली, तुर्कांची व्हिएन्नावरची स्वारी तोंडावर असताना, त्याने हे मत बदलून लिहिले: लढावे, पण ते सम्राटाचे काम म्हणून, प्रजेच्या रक्षणासाठी, पोपच्या झेंड्याखाली नव्हे आणि पुण्यासाठीही नव्हे.

कॅथलिक स्पेनमध्ये क्रूसेडचे पत्रक मात्र दरवर्षी विकले जात राहिले, थेट विसाव्या शतकापर्यंत. तोवर तुर्कांची धास्ती कुणालाच उरली नव्हती. लोक ते घेत, कारण ते जवळ असले की बऱ्याचशा उपासाच्या दिवशीही मांस खायची मुभा मिळे.