ऐकणाऱ्याने किती सांभाळून घ्यावे?

दुसऱ्याच्या बोलण्यातील उणीव सांभाळून घेणे हा सद्गुण मानला जातो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी मंडळींचा त्यावरच निर्वाह झाला. आमचे हिंदी इंदूरकरांनी सांभाळून घेतले, त्यांचे मराठी आम्ही. हा सद्गुण यंत्रांनीही पाळावा काय, याविषयी संगणकशास्त्रात मतभेद आहेत. आणि तो प्रश्न यंत्रांपुरताच आहे, असे आम्हांस वाटत नाही.

एक आज्ञावली जावा भाषेत लिहिलेली, दुसरी पायथनमध्ये. यंत्रे दोन गावची. एकीच्या पोटातील आकडा दुसरीला जसाच्या तसा उमगत नाही. म्हणून दोघींना मान्य अशा तिसऱ्याच मांडणीत निरोप लिहावा लागतो. पाठविताना काटेकोर आणि स्वीकारताना उदार असावे, असा दंडक जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये इंटरनेटच्या नियमांत घातला. परस्परांस अनोळखी यंत्रांचा संवाद त्यामुळे सुकर झाला, हे खरेच.

पण समजा, खातेक्रमांक ‘००४५’ असा अक्षररूपाने आला आणि घेणाऱ्या आज्ञावलीने उदारपणे त्याची संख्या केली, तर आरंभीची शून्ये गळून ४५ उरतात. कोणी हरकत घेत नाही, त्यामुळे पाठविणाऱ्यास चूक कळतही नाही. पुढे तीच रूढी होते आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती शिकावी लागते. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या २०२३ मधील एका लेखात नेमका हाच आक्षेप आहे.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळापाशी नष्ट झाले. तेथे प्रश्न भाषेचा नव्हता, मापाचा होता. एका आज्ञावलीने यानाला बसलेल्या रेट्याचे आकडे पौंडांच्या मापात दिले, दुसरीने ते न्यूटनच्या मापातील समजून घेतले. फरक सुमारे साडेचार पटींचा. नुसता आकडा आला आणि तो निमूट स्वीकारला गेला. विसंगती काहींच्या ध्यानात आली होती, पण तिचा रीतसर पाठपुरावा झाला नाही. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे, ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले.

दफ्तरात त्रुटी दाखवून कागद परत करणारा कारकून कोणालाच आवडत नसे. (अडवणूक करणारा निराळा, त्याची भलामण आम्ही करणार नाही.) ‘रक्कम लिहिली, पण रुपये की हजार रुपये?’ एवढेच विचारून तो कागद त्याच दिवशी परत पाठवी. उच्चार, अक्षर, व्याकरण यांवर तो कधी अडत नसे.