टाळी आणि खुशामत

नाचता येईना, अंगण वाकडे, ही म्हण आपल्या कानी लहानपणीच पडते. स्वतःच्या उणिवेचे खापर दुसऱ्यावर फोडू नये, हा तिचा रोख. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मुलीकडे मुक्कामाला असताना आम्ही उभयता अशा एका अंगणात जाऊन आलो की, जेथे बहुतेकांना धड नाचता येत नव्हते आणि तरीही अंगणाला कोणी दोष देत नव्हते. त्या एका संध्याकाळने आमच्यापुढे जो प्रश्न टाकला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

ते अंगण म्हणजे बॉलरूम नृत्याची, अर्थात जोडीने करावयाच्या नृत्यांची शाळा. एका बाजूला कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला औषधांचे. मध्ये हे दालन. आत गुळगुळीत लाकडी जमीन आणि एक भिंतभर आरसा. नाताळाच्या आधीच्या शनिवारी तेथे वार्षिक मेळावा भरतो. जो तो घरून एकेक पदार्थ करून आणतो. आमच्या मुलीने समोसे नेले होते. आधी सगळेच नाचतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने दालनाला फेरी घालीत. मग खुर्च्या भिंतीकडे सरकवल्या जातात आणि वर्षभर शिकलेले विद्यार्थी एकेक करून, बहुधा आपल्या शिक्षकाच्याच जोडीने, सर्वांसमोर नृत्य सादर करतात.

त्यांत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी वारली. ती असताना ते कधी नाचले नव्हते, असे मुलीने आम्हांला हळूच सांगितले. त्यांनी वॉल्ट्झ निवडला होता. हा नाच दिसायला सोपा. मात्रा तीन, जोर पहिलीवर, आणि गती मिनिटाला २८ ते ३० आवर्तने. परंतु मात्रा तीन आणि पाय दोन, त्यामुळे एका आवर्तनाची सुरुवात उजव्या पायाने झाली की पुढच्याची डाव्याने करावी लागते. नेमके तेथेच या गृहस्थांचे चुकले. वळणावर पाय अडखळला आणि ते मध्यभागी स्तब्ध उभे राहिले. संगीत चालूच होते. शिक्षिकेने त्यांचा हात सोडला नाही. ती तशीच थांबली, पहिली मात्रा येऊ दिली आणि मग दोघे पुन्हा चालू लागले. नाच संपला तेव्हा सारे दालन उभे राहून टाळ्या वाजवीत होते. आम्हीही वाजवीत होतो.

परतताना मोटारीत आमच्यातच वाद सुरू झाला. नाच वाईट झाला होता, याविषयी दुमत नव्हते. त्याआधी एका तरुण जोडीने टँगो फार सुरेख केला होता आणि तिला मिळालेल्या टाळ्याही याहून मोठ्या नव्हत्या. मग आम्ही जे हातांनी केले ते तोंडाने केले असते तर त्याला काय म्हटले असते? जे चांगले नाही त्याला चांगले म्हणणे हे असत्यच ना? हेतू दयेचा असला म्हणून ते सत्य होत नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कोणत्याही सद्हेतूसाठी असत्याला मुभा नाही, अशी भूमिका घेतली. पुढे जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली परोपकारासाठीही खोटे बोलण्याचा हक्क नाकारला. या दोघांसमोर आमच्या टाळ्या कशा टिकाव्यात?

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९६१ साली फ्लोरिडातील एका विधवेला अशाच एका नृत्यशाळेतील मेळाव्याचे निमंत्रण मिळाले. बाई एकट्या होत्या. नाचात प्रवीण व्हावे, आयुष्याला नवी गोडी लागावी, एवढीच त्यांची इच्छा. तुमच्या अंगी मोठी लय आहे, तुम्ही उत्तम नर्तिका होणार, असे म्हणत शाळेने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि सुमारे १६ महिन्यांत २,३०२ तासांचे शिक्षण विकले. त्यापोटी बाईंनी ३१,००० डॉलरहून अधिक रक्कम मोजली. प्रत्यक्षात त्यांना संगीतातील ठेकाही नीट ऐकू येत नसे, असे त्यांच्याच दाव्यात नमूद आहे. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. १९६८ साली अपील न्यायालयाने तो चालवण्यायोग्य ठरवला. मत हे मतच, त्याला फसवणूक म्हणता येत नाही, हा सर्वसाधारण नियम. परंतु बोलणाऱ्याचे ज्ञान ऐकणाऱ्याहून पुष्कळ अधिक असेल, तर त्याचे मत वस्तुस्थितीच्या विधानासारखे धरता येते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल अभ्यासतात.

म्हणजे गोड शब्दाने माणूस लुबाडला जाऊ शकतो. त्या संध्याकाळीही अखेरीस शाळेच्या मालकांनी, येथील प्रत्येक जण तारा आहे, असे सांगून लगेच नव्या वर्षाच्या शिकवणीचे सवलतीचे दर जाहीर केले, तेव्हा आमच्या मनात पाल चुकचुकली, हे कबूल केले पाहिजे.

तथापि, त्या मालकांचे वाक्य आणि आमची टाळी एकाच मापाने मोजता येतील का? संत थॉमस अक्वायनस यांनी खुशामतीचा विचार करताना येथे मोलाचा भेद केला आहे. दुःखिताचे सांत्वन व्हावे किंवा कोणी सन्मार्गावर पुढे जावे म्हणून, तारतम्य राखून केलेली स्तुती ही खुशामत नव्हे. ती मैत्रीच्या सद्गुणात मोडते. जे स्तुत्य नाही त्याची स्तुती केली, की मात्र तो दोष. मग त्या नाचात स्तुत्य काय होते? पावले नव्हेत. पत्नीच्या मागे एकाकी घरातून बाहेर पडणे, या वयात नव्याने शिकणे, चारचौघांत चुकणे आणि चुकल्यावर पळून न जाता पुढच्या पहिल्या मात्रेची वाट पाहणे, हे स्तुत्य होते. आमची टाळी त्याला होती. तिने वळण बिनचूक झाले असे म्हटलेच नव्हते. गुण देणारे परीक्षक स्पर्धेत असतात; मेळाव्यात माणसाला आपल्यात घेतले जाते. टँगो करणाऱ्या त्या जोडीलाही यामुळे काही कमी पडले नाही. त्यांचे पाय आपले काम जाणून होते.

हे सारे आम्हांला इतके लागण्याचे कारण निराळे आहे. आपल्या लग्नांतही वॉल्ट्झ असतो. मुंबईच्या उपनगरातील एका लग्नात, फार वर्षांपूर्वी, नवरानवरीच्या पहिल्या फेरीनंतर आमची एक मावशी हौसेने उठली. लुगड्यात पाय अडकला, ताल चुकला. आम्ही तरुण मंडळी हसलो. आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो. तिला नाचता येत नव्हते हे खरेच होते. मावशी हसत हसत खुर्चीवर जाऊन बसली आणि पुढे कोणत्याही लग्नात उठली नाही. ती गेली तोवर आम्ही तिची क्षमा मागितली नव्हती. सत्य आमच्या बाजूने होते, न्याय नव्हता.

मग सत्य सांगायचेच नाही काय? सांगायचे, पण ज्याच्याकडे ते सांगण्याचा अधिकार आणि सुधारण्याचे साधन आहे, त्याने, योग्य जागी. पुढच्या मंगळवारी शिकवणीहून परतल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या आजोबांचा तास माझ्या आधी होता. बाईंनी त्यांच्याकडून पूर्ण वेळ तेच एक वळण करून घेतले. म्हणाल्या, शनिवारी इथे चुकलात, आता उजव्या पायापासून पुन्हा."

"मग ते काय म्हणाले?" आम्ही विचारले.

"काही नाही. पुन्हा केले."

ते पुन्हा उठले, यात त्या शनिवारच्या टाळ्यांचा वाटा किती, हे आम्हांला मोजता येणार नाही. हसण्याचा वाटा किती असतो, ते मात्र आम्ही एकदा पाहिले आहे.