गंज आणि रंग

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आमच्या अंगणात अब्बांची फियाट कित्येक पावसाळे उभी होती. ती घरीच दुरुस्त करायचे आम्ही भावंडांनी ठरवले. अनुभव काहीच नव्हता. गंजलेल्या भोकांत पुट्टी भरली, वरून रंग मारला. गाडी झळकू लागली. शेजारच्या मिस्त्रीचाचांनी पायाखालचा पत्रा पेचकसाने टोचला, तर पेचकस आरपार! म्हणाले, "गंज झाकला की ओल आतच राहते. तो वाढतच जातो. आधी कापा."

कापताना हात थरथरले. एवढा पत्रा बदलल्यावर गाडी अब्बांची उरेल का? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन मोठा बदल न करता राखलेली गाडीच 'विंटेज' ठरते. कायद्याला मूळपण असे मोजावे लागते. मुलांनी काय मोजावे? वडिलांचे जे मिळाले ते कुजलेल्यासकट सांभाळणे म्हणजे आदर का? त्या पत्र्यावर उद्या आमचीच मुले पाय ठेवणार होती. रंग मारला तेव्हा आम्ही त्यांना फसवत होतो आणि अब्बांचे नाव पुढे करत होतो.

नव्या पत्र्याचे जोड आज दिसतात. दिसू देत.