आबांच्या नावाची घागर

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावाची घागर पहिल्यांदा भरली. सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या खोलीत देव्हाऱ्यासमोर पाट मांडला. पाटावर मातीची चार ढेकळं, ढेकळांवर घागर, घागरीच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. चार ढेकळं म्हणजे आषाढ, श्रावण, भादवा आणि आश्विन. घागर पाझरते, आणि जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त, असा आमच्याकडचा ठोकताळा. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावाहून, पांझरेच्या काठावरची ढेकळं आबा दरवर्षी आणायचे. सुरतेच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचे; खाली ठेवली तर फुटतील म्हणून. यंदा ती पिशवी माझ्या मांडीवर होती.

ढेकळं दुसऱ्याच्या शेतातली, विचारून घेतलेली. गावात आमच्या नावावर एक गुंठाही नाही, कधी नव्हता. लिंबायतमध्ये आमच्यासारखी खानदेशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची गावाकडे थोडीफार जमीन आहे. आम्हाला तेवढाही आधार नाही. आबा गेले तेव्हा दहाव्याला आलेल्या एका नातलगानं सहज विचारलं, "आबांनी काय ठेवलं रे?" मला उत्तर देता आलं नाही. घागर भरताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला. ज्याला वाडवडिलांकडून जमीन मिळाली त्यानं पितृऋण मानावं, हे समजतं. ज्याला काहीच मिळालं नाही, त्याच्यावर कसलं ऋण?

तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मण याहून मोठं बोलतं. जो कोणी आहे तो जन्मतःच ऋणी आहे, असं ते म्हणतं आणि या तिन्हींत चौथं ऋण घालतं, माणसांचं. त्यात जातीची अट नाही, जमिनीची नाही. पितरांचं ऋण फिटतं संततीनं, आणि माणसांचं फिटतं त्यांना आसरा आणि अन्न देऊन. मी हे आधी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ मला आजोबांच्या कामातून कळला.

आजोबा पाटकरी होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा ज्या फडात ऊस, तिथे पुढे दुसरं पीक येणार, आणि पाळीपाळीनं जमिनीला विसावाही मिळणार. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत, म्हणून कोणीच कायमचा पाटाच्या शेपटाला राहत नसे. पाणी कमी असलं तर कोणत्या फडाला द्यायचं ते सगळे बसून ठरवत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्या शेताला पाणी शेतकऱ्यानं स्वतः द्यायचं नाही. बारं, म्हणजे पाण्याची पाळी, देणार पाटकरी, त्याला सगळी शेतं सारखी. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात. फडातून सुटलेलं पाणी नदीला मिळे आणि खालचा बंधारा ते पुन्हा अडवी.

आजोबांना त्या पट्ट्यातलं प्रत्येक वावर पायांनी माहीत होतं. कुठली माती पाणी पिते, कुठली धरून ठेवते, कोणत्या महिन्यात पाट कुठे फुटतो, सगळं. ते सांगत, "पानीले वाट देवानी, धक्का देवाना नही." आबा लहानपणी त्यांच्या मागून फावडं घेऊन फिरले. पुढे वर लाटीपाड्याला धरण झालं, काठावरच्या विहिरींना मोटारी बसल्या, ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं पीक घेतलं. पाटकऱ्याचं काम सरलं आणि आबा सुरतेला लूमवर आले.

या व्यवस्थेला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. जो माणूस सगळ्यांना पाणी वाटत होता, त्याच्या हिश्शाचं पाणी तिच्यात नव्हतं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीवरून काढून घरातल्या माणसांवर मोजला आणि भूमिहीनांनाही तो दिला. उसाला मनाई केली. वाडवडिलांचं ज्ञान पुढे न्यायचं ते असं, त्यातला अन्याय मागे ठेवून. जे ज्ञान आहे तसंच पुजलं जातं, ते जिवंत राहत नाही.

आबांनी ते कसं पुढे नेलं, हे मी लहान असताना पाहिलं आहे. आमच्या गल्लीत वीस खोल्या. नळाला सकाळी तासाभराच्या आसपास पाणी यायचं. नळाच्या तोंडाशी असलेल्या दोन-तीन घरांनी मोटारी लावल्या आणि शेवटच्या खोलीत राहणाऱ्या म्हातारीच्या नळाला नुसती हवा येऊ लागली. भांडणं झाली. लूमवर बारा तासांची रातपाळी करून आबा सकाळी सातला यायचे. एक दिवस हातपायही न धुता ते गल्लीत उभे राहिले. आमचं घर नळाच्या तोंडापासून दुसरं. आबा म्हणाले, मोटारी काढा, सुरुवात शेवटच्या घरापासून होईल आणि सगळ्यात शेवटी मी भरेन. मनगटावरचं घड्याळ बघत तीन-तीन मिनिटांनी ते हाक द्यायचे. पहिल्या दिवशी आमच्या वाट्याला दीड हंडा आला. माय रागावली. आबा एवढंच म्हणाले, "पाटकऱ्याचं भांडं आधी भरलं, तर त्याचं कोण ऐकेल?"

तो उन्हाळा गल्लीनं आबांच्या घड्याळावर काढला. त्यानंतरचे दोन उन्हाळेही.

संतती या शब्दाकडे मी पुन्हा पाहिलं. 'तन्' म्हणजे ताणणं, पसरणं. तंतू त्याच धातूतून, आणि लूमवरचा ताणाही. शतपथ ब्राह्मणात पितृऋण फेडणारी संतती न तुटणारी असावी लागते. नुसतं मूल जन्माला घालून ताणा पुढे जात नाही. आबांना शेत नसताना त्यांनी पाळी पुढे नेली, पाटावरून नळावर. पितरांचं ऋण आणि माणसांचं ऋण त्या सकाळी एकाच हंड्यात फिटत होतं. म्हणून मला वाटतं, पूर्वजांची जमीन वारशानं मिळते, पण त्यांचं जमिनीशी वागणं कमवावं लागतं. ते सातबाऱ्यावर चढत नाही आणि म्हणूनच भूमिहीनाच्या घरीही येऊ शकतं. आपली पाळी कधी संपते हे ओळखणं, शेवटच्या घराची आठवण ठेवणं, आपण घेतलं तिथे पुन्हा काही उगवेल एवढं मागे सोडणं. शेतीतलं ज्ञान म्हणून आपण पेरणीच्या तिथी आणि नक्षत्रं जपतो. त्या ज्ञानाखाली हा संयम होता, तो मात्र आपण विसरतो.

पांझरा मुडावदला तापीला मिळते. तापी उकाईच्या धरणात थांबते आणि पुढे सुरतेची तहान भागवते. आजोबांनी ज्या पाण्याला वाट दिली, ते ज्या नदीला मिळतं, तिचंच पाणी आबांनी तीन-तीन मिनिटांनी वाटलं.

संध्याकाळी घागर उचलली. श्रावणाचं ढेकूळ सगळ्यात जास्त भिजलं होतं. आबा ही ढेकळं कधी फेकत नसत, तुळशीतही घालत नसत. वाळवून ठेवायचे आणि गावाकडे जाताना ज्या वावरातून आणली तिथेच नेऊन टाकायचे. लहानपणी मला वाटायचं, चार ढेकळांसाठी एवढं कशाला? माती आपली नव्हती, वापरायला मागितली होती.

चारही ढेकळं खिडकीत वाळत घातली आहेत. पुढच्या खेपेला ती परत न्यायची आहेत.