रुईचा चीक आणि पाखराचे अनुमान

पावसाळा ओसरू लागला असता बोरिवलीहून कान्हेरीच्या लेण्यांकडे जो चालत जाईल, त्याला रानाच्या कडेने एक नारिंगी फुलपाखरू, कोणाचेच भय नसल्यासारखे, संथपणे उडताना दिसल्यावाचून राहणार नाही. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असतात आणि त्या काळ्या भागात पांढऱ्या ठिपक्यांचा तिरकस पट्टा असतो. प्लेन टायगर हे त्याचे रूढ नाव. ते इतके सर्वत्र आढळते की अंधेरी-घाटकोपरच्या पडीक जागांतील रुईवरही त्याचा संसार चालतो. परंतु दुर्मीळ फुलपाखरांच्या शोधात निघालेल्या माणसाला या सामान्य जीवाकडे पाठ फिरवता येत नाही. कारण हुबेहूब याच वेषात डॅनाइड एगफ्लाय नावाच्या निराळ्याच जातीची मादी वावरत असते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अनेक वर्षे वाघाच्या बरोबरीने जिचे नाव नमूद होते, ती हीच. तिचा नर मात्र काळाभोर असून त्याच्या पंखांवर जांभळ्या झळाळीने वेढलेले पांढरे डाग असतात.

प्लेन टायगरची अळी रुईची पाने खाते, त्या पानांच्या चिकातील विष देहात साठवते, आणि ते विष फुलपाखराच्या अंगीही उतरते. एखादे अननुभवी पाखरू त्याला गिळू पाहते, ओकते, आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. डॅनाइड एगफ्लायच्या मादीत तसले काही नाही. तरीही त्या पाखराच्या स्मृतीमुळे ती निर्धास्त असते. हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे घालवून 1862 साली जे अनुकरणाचे तत्त्व मांडले, त्याचा दाखला आपल्या उपनगरांच्या वेशीवर असा नित्य मिळतो.

आपल्याकडे भ्रमाचा विषय निघाला की रज्जुसर्पाचे उदाहरण पुढे येते, आणि अरण्यातील ही रूपे म्हणजे मायेचा पसारा असे म्हणण्याचा मोह भाविकाला होतो. हे उदाहरण येथे लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. दोरीच्या ठायी सर्प नसतोच. दिवा आणला की तो निवृत्त होतो. येथे मात्र पंख खरोखर नारिंगी आहे, काळे टोक खरोखर काळे आहे, आणि कितीही प्रकाश पडला तरी त्यातील तिळभरही नाहीसे होणार नाही. पाखराच्या डोळ्याने पाहिले ते यथार्थच पाहिले. सगळे ज्ञान यथार्थ असते असे रामानुजाचार्यांनी म्हटले, ते निदान या पंखापुरते मला अक्षरशः पटते. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. जे नारिंगी ते कडू, अशी व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्याचा नियम, पाखराने अनुभवावरून बांधली आणि तिच्या बळावर हेही कडू असा निर्णय दिला. म्हणजे हा प्रत्यक्षाचा भ्रम नसून अनुमानाचा दोष आहे, आणि आपल्या नैयायिकांनी त्याचे निदान पूर्वीच करून ठेवले आहे. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे; पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो; धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. या संयोगाला ते उपाधी म्हणतात. फुलपाखराच्या बाबतीत रुईचा चीक ही ती उपाधी होय. कडूपणा रंगामुळे येत नाही, चिकामुळे येतो. आणि चीक पंखावर दिसत नाही.

मग या मादीने पाखराला फसवले, असे म्हणावे काय? उत्तरासाठी असाच वेष घेणाऱ्या दुसऱ्या एका जातीकडे पाहावे. कॉमन मॉर्मन हे फुलपाखरू मुंबईच्या गॅलरीतील कढीपत्त्यावरही अंडी घालते. त्याच्या काही माद्या नरासारख्या असतात, तर काही कॉमन रोज वा क्रिमझन रोज या विषारी फुलपाखरांसारख्या. हा रूपभेद एकाच जनुकाच्या ताब्यात असतो, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली सिद्ध केले. म्हणजे वेष मादी निवडत नाही; आणि ज्या देहात संकल्प नाही त्याच्यावर असत्याचा आरोप ठेवणे मला अन्यायाचे वाटते. सत्य आणि असत्य ही निर्णयाची विशेषणे आहेत. रूप केवळ असते.

याहून गंभीर गोष्ट अशी की हे अनुकरण संख्येने अल्प राहिले तरच टिकते. नारिंगी पंखांत गोड देह वारंवार मिळू लागला, तर पाखराची व्याप्ती मोडेल आणि त्याचा उपद्रव खऱ्या कडू फुलपाखरालाही पोहोचेल. तेव्हा या वेषात वावरणाऱ्या मादीची विरळता हा तिच्या जीविताचा एक करार आहे. आणि त्या कराराचा जामीन आहे प्लेन टायगर, पर्यायाने रुई. कान्हेरीची लेणी ज्याच्या पोटात आहेत त्या सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, मुलुंडकडे काय आणि बोरिवलीकडे काय, मारुतीला वाहण्यापलीकडे ज्या झुडपाला कोणी किंमत देत नाही, ते रानटी म्हणून उपटले जाते, तेव्हा डॅनाइड एगफ्लायचेही संरक्षण त्याच्याबरोबर उपटले जाते, हे सांगताना मला मनापासून दुःख होते.

ओळख पटवणारा माणूसही अखेर अनुमानच करतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. डॅनाइड एगफ्लायच्या मादीला मागच्या पंखाच्या वरच्या कडेशी एकच काळा डाग असतो. हे लिंग, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, पाखराच्या लिंगापेक्षा निर्दोष आहे खरे, पण उडत्या जीवाचे ठिपके मोजणे सोपे नाही, आणि जुन्या संग्राहकांप्रमाणे जाळे टाकून टाचणीला टोचणे आज ना कायद्याला मान्य, ना मनाला. कान्हेरीच्या विहारांत ज्या भिक्षूंनी वर्षावास केले, त्यांचा नियमच असा की पावसाळ्यात भ्रमण करून हिरवे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवू नयेत. त्यांच्याच डोंगरावर त्याच ऋतूत शोधाला निघालेल्याने, मादी दिसताच धावू नये. थांबावे, आणि ती अंडी घालायला कोठे उतरते ते पाहावे. रुईवर उतरली तर ती प्लेन टायगर. खडकाच्या भेगेत उगवलेल्या, आपण भाजी म्हणून खुडतो त्या घोळीवर उतरली, तर जिच्यासाठी आलो ती हीच.