'म्हणून' आणि 'तरी' : नववर्षाचा संदेश

शास्त्रपाठ : हबक्कूक, अध्याय ३, वचने १७ ते १९

देवाच्या दयेने जुने वर्ष सरून आपण नव्या वर्षात पाऊल टाकीत आहो. वर्षाच्या शेवटल्या रात्री मंडळी एकत्र जमते, स्तुतिगीते होतात आणि सर्व जण एकमेकांस आशीर्वाद देतात. परंतु त्याच मेळ्यात असेही कोणी बसलेले असतात, की ज्यांची कणगी रिकामी आहे, डोक्यावर कर्ज आहे, किंवा गेल्या नाताळास जवळ बसलेले माणूस आज कबरस्थानात निजले आहे. अशांस 'आनंद करा' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

हबक्कूक संदेष्ट्याने हे कोडे आपणांपूर्वी सोडविले आहे. त्याच्या पुस्तकाचा आरंभ गीताने नव्हे, तर गाऱ्हाण्याने होतो. मी कोठवर हाक मारू, आणि तू कोठवर ऐकणार नाहीस, असे तो देवालाच विचारतो. यहूदा देशात अन्याय माजला होता आणि बाहेरून खास्द्यांची स्वारी येऊ घातली होती. ते भय पोकळ नव्हते. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास त्याच खास्द्यांनी यरुशलेम व मंदिर जाळून टाकले.

असा हा मनुष्य शेवटल्या अध्यायात सहा गोष्टी मोजून दाखवितो. अंजिरास फुलोरा नाही, द्राक्षवेलीस फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरू नाही. म्हणजे घरातले गोडधोड, दिव्याचे तेल, भाकरी, लोकर आणि औत हे सर्वच गेले. आपल्या बोलीत सांगावयाचे तर ज्वारी भरली नाही, विहिरीने तळ गाठला आणि दावणीचा बैल बाजारात विकला गेला. यातले काहीएक संदेष्टा लपवीत नाही. आणि मग तो एक लहानसा शब्द उच्चारतो : 'तरी'. तरी आपण परमेश्वराच्या ठायी हर्ष करणार, असा त्याचा निश्चय आहे.

आपला आनंद बहुधा 'म्हणून' या शब्दावर उभा असतो. पाऊस झाला म्हणून आनंद, लेकरू बरे झाले म्हणून आनंद. त्यात पाप नाही. देणाऱ्याचे आभार मानणे योग्यच आहे. पण ज्या आनंदास केवळ 'म्हणून'चा आधार असतो, तो पावसाबरोबर येतो व पावसाबरोबर जातो. 'तरी'वर उभा असलेला आनंद देवावर टेकलेला असतो, आणि देव जात नाही.

हबक्कूकाने जे दुरून पाहिले ते आपण जवळून पाहिले आहे. त्या शुक्रवारी आपला प्रभु वधस्तंभावर मरण पावला, तेव्हा शिष्यांपाशी एकही 'म्हणून' उरला नाही. रविवारी पहाटे कबर रिकामी आढळली. तोच देवाचा 'तरी' होय. म्हणूनच प्रेषित पेत्र आपल्या आशेस जिवंत आशा म्हणतो, आणि बेड्यांत असलेला पौल फिलिप्पैच्या मंडळीस आनंद करण्याविषयी पुनःपुन्हा लिहितो.

आपल्या देशातही याची साक्ष आहे. पंडिता रमाबाईंचे आईबाप व थोरली बहीण तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत गेली, आणि १८८२ साली पती वारले. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून उपाशी मुली आणून केडगावी सांभाळल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी मराठी बायबलाचे काम त्यांच्या हातून सुटले नाही. १९२२ साली मरणापूर्वी त्यांनी ते पुरे केले.

मात्र 'तरी' म्हणजे 'नशिबात होते ते झाले' असे नव्हे. नशिबापुढे मनुष्य मुका होतो. संदेष्टा देवापुढे रडला आणि देवाने त्याचे ऐकले. यंदा पाऊस खात्रीने पडेल, असेही हे वचन सांगत नाही. देव डोंगर सपाट करील असे हबक्कूक म्हणत नाही. चढ चढावयास हरिणीसारखे पाय देईल, असे तो म्हणतो.

तर वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी दिवा लावून घरची सर्व माणसे एकत्र बसा. ज्यास वाचता येते त्याने हा अध्याय मोठ्याने वाचावा. मग कर्ज, दुखणे, वियोग ही सर्व नावे घेऊन देवापुढे मांडा. रोज मूठभर धान्य बाजूला काढा आणि ज्याची कणगी रिकामी आहे त्याच्या घरी ते पोहोचवा. देवाचा 'तरी' पुष्कळदा शेजाऱ्याच्या ओंजळीतून येतो. आणि उपदेशक बंधूंनो, दुःखिताच्या दारी जाल तेव्हा, तुझा विश्वास कमी पडला, असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर रडा, आणि मग हे गीत वाचून दाखवा.

प्रभु करो आणि या वर्षी ज्याला 'म्हणून' म्हणता येणार नाही, त्यालाही 'तरी' म्हणण्याची कृपा मिळो. आमेन.